हालबेराने कच्ची ठेवलेली भिंत

आमच्या खाडीकाठी कुणी मेलं की माणसं आधी हालबेराला बोलवायची, रडणं मागाहून. मेलेल्याला दारातून न्यायचं नाही. नेलं तर वाट त्याच्या ध्यानात राहते आणि तो परत येतो. म्हणून उशाकडची भिंत फोडायची, त्याला बाहेर काढायचं आणि भगदाड लगेच बुजवायचं. हे बुजवणं हालबेराचं काम. गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या ती अशा ठोकून बसवायची की मध्ये सुरी शिरायची नाही. वर घरच्यांनाच झापायची, "भिंतीला कान लावून बसू नका. गेला तो गेला. मेंढ्यांकडे बघा!"

लोकांना सांगायला काय जातं?

मग तिचीच लेक गेली. स्वाला, सोळा वर्षांची. एक मेंढी चुकली म्हणून हालबेराने तिला भर हिमवादळात बाहेर पिटाळलं होतं. वाटेल तसं बोलली होती. पोर तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी गोठलेली सापडली.

भिंत फोडली, स्वालाला टेकडीवर पुरलं. भगदाड हालबेरानेच बुजवलं, सगळ्यांदेखत. पण लाद्या नुसत्या रचल्या, ठोकल्या नाहीत. लेक एकदा यावी, आपले शब्द आपल्याला मागे घेता यावेत, एवढंच तिला हवं होतं. पुढे काय व्हायचं ते होवो.

शेजारीण आली की अंग चोरून बसायची. "हालबेरा, अगं तुझ्या घरात वारा? लोकांच्या भिंती लिंपून दमलीस की काय?"

"बस की चुलीजवळ. तुला कुणी भिंतीला टेकायला सांगितलंय?"

हिवाळा सरत आला. हालबेरा रोज त्या भिंतीशी लोकर कातत बसायची. कधी माती झरायची, तिचा हात थांबायचा. कुणी यायचं नाही. लेकीने आपल्याला माफ केलं नाही, हे तिच्या मनाने घेतलं आणि ती आतून खंगत गेली.

एका सकाळी तिने फावडं उचललं. वाट पुरती मोकळी करून द्यायची होती. चार लाद्या निघाल्या आणि फावडं खणकन वाजलं. मागे दगड होते, बाहेरून गच्च ठासलेले.

तिचा नवरा स्ताइनार दारात उभा होता. त्याचा चेहरा पाहून ती समजली.

"तू?"

"पुरल्यावर चौथ्या दिवशी, पहाटे," तो म्हणाला. "तू गोठ्यात धार काढत होतीस. माती उकरल्याचा आवाज आला. मग ती बोलली."

"काय बोलली? स्ताइनार, काय बोलली ती?"

"आई अजून रागावलीय का, म्हणाली."

"मग तू काय सांगितलंस?"

"भ्यालो गं. तोंडातून शब्दच फुटेना. ती बराच वेळ थांबली. मग तिने पुन्हा तेच विचारलं, हळू आवाजात. उजाडल्यावर मी दगड ठासले."

हालबेराने त्याला शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. फावडं टाकून ती नखांनी दगड उकरू लागली. बोटं फुटली तरी थांबेना. शेवटी वीतभर भोक पडलं आणि बाहेरचा पांढरा उजेड आत आला. तिने त्या भोकाला तोंड लावलं.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "नाही रागावले."

बाहेर बर्फावर कुणाच्याच पावलांची खूण नव्हती. हालबेरा मात्र दिवसभर तेवढंच सांगत राहिली.