केक्को म्हणजे हो की नाही

मारिविक आली फिलिपिन्सच्या इलोइलोहून, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरगावी. तिथल्या शाळेत ती मुलांना इंग्रजी शिकवी. वर्गात मुलं तिच्यापुढे चुकत आणि शाळा सुटली की ती साऱ्या गावापुढे जपानी बोलताना चुके. कुणीच कुणाला हसायच्या लायकीचं नव्हतं, म्हणून बरं चाललं होतं.

तिची स्वतःची शिकवणी चाले हात्सुए आजीच्या टोफूच्या दुकानात. दुकानावरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. चुकीच्या बाबतीत आजी गय करत नसे.

"काल पाऊस आहे," मारिविक म्हणे.

"काल होता. आहे तो आज," आजी मागे वळूनही न बघता म्हणे.

"आजी, किती चुका काढाल?"

"संपेपर्यंत. मी म्हातारी झाले, तूच जरा घाई कर."

जेवताना रस्सा चाखला की आजी मान डोलावून म्हणायची, "केक्को, केक्को." मारिविकनं मनाशी नोंद केली, केक्को म्हणजे छान. अर्थ चुकीचा नव्हता, अर्धा होता.

जानेवारीत एकदा शिक्षकांच्या खोलीत ती रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत होती. उपमुख्याध्यापक कुवाबारा सर जवळ येऊन घुटमळले. अर्धं वाक्य बोलायचं आणि अर्धं समोरच्यावर सोडायचं, ही त्यांची रीत.

"मारिविक बाई, पुढच्या वर्षीचं... म्हणजे तुमची हरकत नसेल तर, आमच्याकडेच आणखी एक वर्ष..."

याचसाठी ती दर रविवारी बसनं शेजारच्या गावच्या चर्चमध्ये जाऊन देवाला साकडं घालत होती. तिचा ऊर भरून आला. कमरेत वाकून ती अगदी अदबीनं म्हणाली, "केक्को देस."

सरांनी दातांतून हवा आत ओढली. "असं का. बरं, बरं." आणि गेले.

आता खोच अशी, की काही देऊ केल्यावर जपानी माणूस केक्को म्हणाला, तर त्याचा अर्थ 'नको, पुरे'. आपल्याकडे निघालेला माणूस नाही का "येतो" म्हणत? तोंड एक सांगतं नि पाय दुसरीकडे चालतात.

त्या आठवड्यात सगळे तिच्याशी फार गोड वागू लागले. मुली येऊन फोटो काढून गेल्या. तिच्या जोडीनं वर्ग घेणाऱ्या नागाया बाई उसासे टाकत.

"तिकडे थंडी नसेल ना?" त्यांनी विचारलं.

"तिकडे कुठे?"

"तिकडे... एकूणच."

घरी तर आणखीच विचित्र. मारिविक म्हणाली, "उद्या मी बाजारात गेले." आजी गप्प राहून टोफू कापत राहिली. मारिविकनं मुद्दाम आणखी एक चूक केली. तरी आजी गप्पच. मग मात्र ती घाबरली.

"आजी, मी चुकले."

"चुकू दे. जाणाऱ्या माणसाची भाषा सुधारून मला काय करायचंय?"

"कोण जाणार?"

"आता मलाच विचार. कुवाबारांची बायको टोफू न्यायला आली होती. सरांनी राहा म्हटलं आणि तू तोंडावर नको म्हणालीस म्हणे. माझ्या डोक्यावर राहतेस आणि मला गिऱ्हाइकाकडून कळतं."

"मी नको कुठे म्हणाले? मी केक्को म्हणाले."

आजीची सुरी थांबली. मग ती पालथ्या बादलीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. "अगं बये, चाखून म्हटलं तर छान. कुणी वाढायला आलं असताना म्हटलं तर पुरे."

"मग ओळखायचं कसं?"

"आम्हाला कळतं."

"मला नाही कळलं, आजी." आजी हसायची थांबली. शाळेनं नगर कार्यालयाला एकदा का कळवलं, की तिच्या जागी दुसरी बाई येणार. कदाचित कळवलंही असेल. मारिविकनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"उद्या सकाळीच सरांना सांग," आजी म्हणाली. "आणि अदबीनं बोलू नकोस. त्या अदबीनंच घोळ घातलाय." मग भांडी घासता घासता तिनं एकच बोल मारिविककडून घोटून घेतला.

दुसऱ्या दिवशी मारिविक सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. "सर, मला हितंच ऱ्हायचंय. कुटं बी न्हाई जायचं."

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. हे बंदरावरच्या मासे विकणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं. सरांची आईही असंच बोलायची.

"पण तुम्ही तर केक्को..."

"ते रश्श्याचं केक्को होतं, सर."

नागाया बाईंनी तोंडाला रुमाल लावला. सरांनी फोन उचलला आणि ते नगर कार्यालयातल्या माणसाला, तो दिसत नसतानाही, वाकून वाकून सांगू लागले, "चूक माझी. मीच नीट विचारलं नाही." मारिविक गळ्यातला क्रूस मुठीत धरून उभी. सरांनी फोन ठेवला.

"कागद गेलाय. पण तिथल्या साहेबांना सर्दी... त्यामुळे शिक्का..."

"सर, वाक्य पुरं करा. बाईंचा जीव जाईल," नागाया बाई म्हणाल्या.

"शिक्का झालेला नाही. कागद परत येतोय. बाई इथेच राहणार."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग नागाया बाईंना आठवलं, "निरोपाच्या जेवणाचं काय? माशांची ऑर्डर दिलीय."

"जेवण होईल."

"कशाबद्दल?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "थंडीबद्दल."

शुक्रवारी सगळे जेवायला जमले. आजीला आमंत्रण नव्हतं. ती टोफूचा डबा घेऊन आली, सरांना सरकायला लावून मारिविकच्या शेजारी बसली, आणि तो बोल आपण शिकवल्याचं तिनं सगळ्यांना सांगितलं. भाजलेला मासा पुढ्यात आला, तशी मारिविकनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, तिच्या स्वतःच्या भाषेत.

आजीनं कोपरानं ढोसलं. "मासा निवतोय."

"देवाचे आभार मानतेय, आजी."

आजीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "मग माझेही सांग त्याला," ती म्हणाली, आणि मारिविकचं होईपर्यंत न जेवता बसून राहिली.