पूर्वेच्या पट्टीतली सात

व्हर्लीनमावशी माझ्यावर गेली पंचेचाळीस वर्षं ओरडतेय. आता मी आमच्या चर्चचा डीकन आहे, चार माणसं माझं ऐकतात, पण तिच्या लेखी मी अजून तिच्या शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर दंगा करणारा लेम्युएलच. एकतीस वर्षं तिनं ती पिवळी बस चालवली. नवरा एमोस लवकर गेला, मूलबाळ नाही. बसची नोकरी सुटली आणि बाईनं इतिहासाचं खूळ डोक्यात घेतलं.

आमच्या ओकाली काउंटीत ऐतिहासिक जागांवरच्या सरकारी लोखंडी पाट्या अकरा. कोर्टाला एक, कापूस चढवायच्या, आता बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाला एक. कुठलासा जनरल ज्या घरात एक रात्र झोपला, त्या घरालासुद्धा एक. घोरला असेल फार तर! ओढ्याच्या अलीकडे, आमच्या काळ्या लोकांच्या बाजूला, एकही नाही. मावशीनं पाइनच्या झाडीतल्या आमच्या जुन्या दफनभूमीला पाटी मिळावी म्हणून सहा वर्षं पत्रं लिहिली. एकाही पत्राला धड उत्तर आलं नाही. आलं ते भलतंच: हायवे रुंद होणार आणि दफनभूमीची पूर्वेची पट्टी त्यात जाणार.

मावशीनं राजधानीत फोन करकरून त्यांना भंडावून सोडलं. शेवटी ठरलं की सोमवारी दहा वाजता सरकारी बाई येईल, थडगी तपासेल. जिथे ती झेंडी रोवेल, तिथून रस्ता सरकेल. जिथे झेंडी नाही, तिथे बुलडोझर.

आता आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की अंगण झाडायचं. झाडायचं म्हणजे गवताची काडी दिसता कामा नये, नुसती लाल माती, वर झाडूचे फराटे. माझ्या आजीनं तसंच शिकवलं. शनिवारी मी चर्चची आठ माणसं घेतली, ट्रॅक्टर घेतला आणि झाडी साफ करायला गेलो. पूर्वेची पट्टी हायवेला लागून. वेलींच्या जाळीत फुटक्या बशा, कप, बाटल्या. मला वाटलं, ट्रकवाले फेकतात तो कचरा. मधेमधे युक्काची टोचरी झुडपं होती, तीही मुळापासून उपटली. दुपारपर्यंत दोन गाड्या भरून कचरा डेपोत गेला आणि तिथल्या यंत्रानं तो गाडूनही टाकला. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू!

तेवढ्यात मावशी सगळ्यांसाठी रताळ्याचा केक घेऊन आली. पट्टीकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"लेम, इथे काय होतं?"

"कचरा, मावशी. बघ कसं लखलखीत केलंय!"

"मेल्या, ती पोरांची ओळ होती."

मेलेलं माणूस शेवटचं ज्यातून प्यालं तो कप, ज्यात जेवलं ती बशी, तळ फोडून थडग्यावर ठेवायची, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोठ्यांच्या थडग्यांवरच्या बशांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण कडेला पोरं आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मोठ्यांची माती खचून खळगे तरी पडले होते. पोरांची जमीन सपाट. खूण म्हणजे तेवढीच भांडी आणि तेवढीच झुडपं.

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. केकचं ताट माझ्या हातात देऊन ती निघून गेली.

रविवारी चर्चमध्ये मला गाता येईना. बाहेर पडताना तिला गाठलं. "मावशी, जुन्या बाजारातून कपबशा आणतो. फोडून ठेवू. त्या बाईला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," ती म्हणाली. "सगळ्या जन्मात सरकारनं पहिल्यांदा मला खरं काय ते विचारलंय. आणि मी काय सांगू? खोटं?"

"मग कसं करायचं गं?"

"मला माहीत नाही, लेम." ती घाबरलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

सोमवारी सरकारी बाई आली. हॅडली नाव, तिशीची असेल, हातात पोलादी सळई, पिशवीत लाल झेंड्या. मोठ्यांची थडगी झटपट झाली. पट्टीपाशी आली आणि भुवया उंचावल्या. "इथे काही खुणा?"

"होत्या," मी म्हणालो. "मी फेकल्या." सगळं सांगून टाकलं.

तिनं लिहून घेतलं. "नुसत्या सांगण्यावर झेंडी नाही लावता येत. एकदा खणलेली माती सैल राहते, सळई आत जाते. पण दोनशे पावलांची पट्टी आहे. घालू कुठे?"

"माझ्या आईनं पावलं पाठ करून घेतलीत," मावशी म्हणाली. ओकच्या झाडाला पाठ लावून ती नऊ पावलं चालली. हॅडलीनं सळई दाबली. वीतभर गेली आणि अडकली. खालची माती दगडासारखी. अजून एकदा दाबली, तेच.

मावशी ओकपाशी परत गेली. "आई बुटकी होती," ती पुटपुटली आणि पावलं आखूड टाकत पुन्हा मोजू लागली. या वेळी सळई सर्रकन आत गेली.

मग एकेक करत सहा झेंड्या. मी देवाचे आभार मानायला टोपी काढली.

"सहा," हॅडली पिशवी बांधत म्हणाली.

"सात," मावशी म्हणाली.

ही सातवी जागा तिनं पावलं मोजून नाही काढली. सरळ चालत गेली, अगदी हायवेच्या कडेला, आणि थांबली. हॅडलीनं सळई टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली.

झेंडी रोवून हॅडलीनं कागद काढला. "नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहिते."

"अज्ञात कशाला? एस्टेलीन. बाप एमोस. आई मी."

मावशीनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"वय?"

"नऊ दिवस."

हॅडलीचा पेन थांबला.

"लिही ना गं बाई," मावशी म्हणाली. "सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय."