सैराकान एजेंचे आकडे

बिश्केकच्या आमच्या प्रयोगशाळेत सैराकान एकवीस वर्षं उंदीर मोजत होत्या. लहानथोर सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणत. पेटीच्या तळाला चौकोन आखलेले, मधूनमधून भोकं. उंदीर तीन मिनिटांत किती चौकोन ओलांडतो, किती भोकांत डोकावतो, हे एजे वहीत टिपायच्या.

तोल्कुन आमची तरुण संशोधक. मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचं काम अडवणारं औषध ती निळ्या पिंजऱ्यातल्या उंदरांना टोचायची. ते सुस्तावायचे. पांढऱ्या पिंजऱ्यातल्यांना नुसतं मिठाचं पाणी. ते पेटीभर हुंगत फिरायचे.

त्या हिवाळ्यात एजेंना उंदीर धूसर दिसायला लागला. सांगितलं तर घरी बसवतील, या धास्तीने त्या अंदाजाने लिहू लागल्या. निळा पिंजरा? बारा-तेरा चौकोन. पांढरा? साठच्या पुढे.

"एजेंची नजर म्हणजे ससाण्याची!" तोल्कुन सगळ्यांदेखत म्हणायची. एजे खाली मान घालून चहा ढवळत राहायच्या.

मार्चमध्ये पडताळणीसाठी तोल्कुनने कुणाला न सांगता निळ्या पिंजऱ्यालाही मिठाचं पाणीच टोचलं. संध्याकाळी वही उघडली, तर निळ्याचे आकडे औषध दिल्यासारखेच. बारा, चौदा, अकरा.

"माझ्याच हातून बाटली चुकली, सर," ती प्रमुखांसमोर रडवेली झाली. "किती दिवस चुकतेय, कोण जाणे!"

एजे दारातच उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे चहाला बसलेले असताना त्या उठल्या.

"पोरी, बाटली नाही चुकली. मला उंदीर दिसतच नाही. पिंजऱ्याचा रंग बघून लिहिलं मी."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

तोल्कुनने हातातला कप खाली ठेवला. "एजे, चष्मा करून घ्यायचा की हो!"

"तेव्हा सांगायची लाज वाटली गं. आता तर तुझ्याकडे बघवतही नाही."

तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं. एजेंना पिंजरे धुण्यावर टाकलं, मोजणी माझ्याकडे आली. औषधाने उंदीर मंदावत होते, पण चौकोन भरायचे तिसाच्या आसपास. एजेंनी लिहिलेल्याइतके ते कधीच थिजले नाहीत.

एजेंना सगळे बोल लावत होते. मी मान डोलवत होते. जानेवारीतच मी त्यांना पेटीकडे न बघता आकडे लिहिताना पाहिलं होतं, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.