धक्क्यालाच उभी

मी पदवीधर झालो तो बाबीमामांमुळे. पाणबुड्यांना वीज, पाणी आणि शिधा पुरवणाऱ्या नौदलाच्या एका जहाजावर, जनरेटरपाशी, त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या पगारातून त्यांनी मला शिकवलं. आता ते जहाज निवृत्त होणार होतं आणि मामांचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, म्हणून निरोप समारंभाला मी निघालो. "तू शिकलंस मां? मग नीट आयक," ते म्हणाले. "आमच्या बोटीबद्दल काय बोलतत, ता माका कळव."

समारंभात जहाजाचा इतिहास वाचला गेला. त्यात सगळे पराक्रम पाणबुड्यांचेच होते. माझं लक्ष मात्र एका जाड केबलवर खिळलं होतं. जहाजाच्या पोटातून निघून ती शेजारच्या पाणबुडीत शिरली होती. निरोपाच्या दिवशीही पाणबुडी मामांच्या बोटीचीच वीज पीत होती.

जी खोल जाते, तिची गोष्ट होते. ती जिच्याकडे परत येते, तिची होत नाही. कॉलेजात माझा सत्कार झाला, तेव्हाही 'स्वतःच्या बळावर शिकलेला' असंच म्हणाले होते, आणि शेवटच्या रांगेतून मामाच सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते.

त्या संध्याकाळी मी पत्र टाकलं:

"मामा, सगळं नीट ऐकलं. आपल्या बोटीबद्दल एकच वाक्य आलं, की ती बहुतेक काळ धक्क्यालाच उभी होती. नंतर मी माईकची वायर कुठे जाते ते पाहून आलो. ती तुमच्या जनरेटरकडेच जात होती."