टक्कर नाही म्हणजे नाही

आमच्या वन्संबरोबर हातोडा घ्यायला जायचं तर घरून पोटभर खाऊन निघावं. दुकानदार दमतो, मी दमते, वन्सं दमत नाहीत.

आम्ही नणंद-भावजय एकाच टोळीत काम करतो. घरांचे लाकडी सांगाडे उभे करायचे. वासे जमिनीवर मांडायचे, खिळे ठोकून भिंत जोडायची आणि सगळ्यांनी मिळून ती उचलायची. त्याला लांब दांड्याचा, जड डोक्याचा हातोडा लागतो. वन्संच्या जुन्याचा दांडा मानेशी तडकला, म्हणून आम्ही दुकानात गेलो.

दुकानदाराने एक लालभडक, चकचकीत हातोडा पुढे केला.

"रंग काय चाटायचाय?" वन्सं म्हणाल्या.

मग सुरू झालं. दांडा उजेडात धरून त्याच्या रेघा बघितल्या. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, आडव्या गेल्या की दांडा दगा देणार. डोक्यात दांडा शिरतो तिथे फट आहे का, पाचर घट्ट आहे का, नखाने चाचपलं. खिळा उपटायचा फाटा खिळ्याच्या डोक्याखाली शिरतो का, तेही करून झालं. शेवटी दांडा अगदी टोकाला धरून हवेत फिरवला. मी आणि दुकानदार दोघंही मागे सरलो. एवढं करून बाईंनी फळीचा तुकडा मागितला आणि खिळे ठोकायला बसल्या.

"बाई, हातोडा घेताय की दुकान बांधताय?"

"तुमचं ते कपाट डुगडुगतंय. तेही ठोकून देते, गप बसा."

आणि दिलं की ठोकून! कौतुक वाटतं मला या बाईचं, पण तोंडावर कोण सांगणार? डोक्यावर बसतील.

दुसऱ्या दिवशी कामावर मुकादम आपला हातोडा हातात घेऊन वाटच बघत होता. आमच्या टोळीत नवा हातोडा आला की मुकादमाच्या हातोड्याशी त्याची टक्कर लावतात. तोंडावर तोंड, सगळा जोर लावून. नव्याचा टवका उडाला नाही तर तो पास. तोवर भिंतीला हात लावायचा नाही. सगळे कोंडाळं करून बघतात, शिट्ट्या मारतात.

"आण इकडे," मुकादम म्हणाला.

"नाही."

शिट्टी मारायला ओठांचा चंबू केलेला एक जण तसाच राहिला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. हातोड्याचं तोंड कडक केलेलं असतं, खिळा मऊ असतो, म्हणून खिळा वाकतो. कडकावर कडक आपटलं की कपची उडते. चांगल्या हातोड्याचीही उडते. यात पारख कसली, मुकादम? टिकेल की नाही ते वापरून कळतं. माझं काम बघा, आणि मग बोला."

"घाबरलीस, असं सांग ना सरळ."

"बरं, घाबरले. पुढे?"

"पुढे काय, सामान उचल आणि घरी जा. टक्कर नाही तर काम नाही. आणि तुझ्या बापाला जाऊन सांग. त्याने डोळा दिला, पण टक्कर नाकारली नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामंजींचा डावा डोळा याच खेळात गेला होता, मुकादमाच्या वडिलांशी टक्कर लावताना. घरी मात्र तो विषय निघाला की मामंजी छाती काढून सांगायचे, "पण हातोडा माझाच जिंकला!" सगळे हसायचे. वन्सं तेवढ्या उठून आत जायच्या.

वन्संनी सामान उचललं नाही. हे काम गेलं असतं तर आसपासच्या कुठल्याच टोळीने बाईला उभं केलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मामंजी रोज आमचा डबा घेऊन यायचे आणि सगळ्यांशी गप्पा छाटत बसायचे. नेमके तेव्हाच ते डबा सांभाळत आत आले. वन्संनी नवा हातोडा मुकादमाच्या दुसऱ्या हातात कोंबला.

"घ्या. दोन्ही तुमच्याकडे. मारा टक्कर. बाबा, तुम्ही या इकडे. तेव्हा उभे होतात तेवढ्याच जवळ उभे राहा."

"वन्सं!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मामंजी हसत पुढे आले. चारचौघांत मागे हटतील ते कसले! मुकादमालाही आता माघार घेता येईना. त्याने दोन्ही हातोडे उगारले.

तेवढ्यात मामंजींच्या हातातला डबा धाडकन खाली पडला. त्यांनी दोन्ही हातांनी उजवा डोळा गच्च झाकून घेतला होता.

कोणीही हसलं नाही. मुकादमाने हातोडे खाली घेतले.

"झालं, मामा. नाही मारत," तो हळूच म्हणाला.

मामंजींनी हात काढले नाहीत. तसेच, काहीही दिसत नसताना, वन्सं उभ्या होत्या त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "पोरी, तेव्हाही मला असंच वाटलं होतं गं. नाही म्हणायची हिंमतच झाली नाही."