संगमेशचे किरकोळ शत्रू

संगमेश चादर उलगडतो ते बघण्यासारखं असतं. दोन कोपरे धरायचे, मनगटाला एक हिसका द्यायचा, की मोरांची अख्खी जोडी गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उतरते! आमच्या नाटक कंपनीचा पडदा इतक्या दिमाखात कधी उघडला नाही. त्याची दोरी नेमकी नांदीलाच अडकायची.

संगमेश शुक्रवार पेठेतल्या एका चादरींच्या दुकानात विक्रीला असतो. तो आणि त्याची बायको पद्मजा माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. पद्मजा शाळेत शिकवते. दोघंही मला अण्णा म्हणतात. दुकानात पहिल्याच दिवशी मालकांनी संगमेशला धडा दिला होता: आधी भारी माल दाखवायचा, हलका मागून. तो धडा त्याच्या हाडात असा मुरला की घरी कुणी जेवायला आलं तरी तो आधी शेंगापोळी वाढतो, आणि वरणभाताची आठवण पद्मजाला करून द्यावी लागते.

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं. दुपारी माझ्या पुढच्या खोलीत त्यांचा खेळ जमतो. संगमेश गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कोण काय बोलणार, कुठं जाणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लढाईत वार लागला की हुकला, ते मात्र वीस बाजूंचा फासा सांगतो. संहिता नसलेलं नाटकच म्हणा ना. मी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसतो. उभा जन्म लोकांनी तिकीट काढून मला पाहिलं, आता माझी पाळी, आणि तीही फुकटात.

खेळणारे तिघं. पद्मजा मांत्रिक, समोरच्या गल्लीतली उत्कर्षा तिरंदाज, आणि शिवराज तलवारबाज. शिवराज हा संगमेशचा लहानपणापासूनचा मित्र. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा द्यायचा आणि दरवेळी थोडक्यात हुकायचा. वयाची मर्यादा उलटली तसा तो परत आला, वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागला आणि बोलायचाच बंद झाला. संगमेशनं हा खेळ मांडला तो खरं तर त्याच्यासाठी. आठवड्यातून एकदा तरी त्यानं तोंड उघडावं म्हणून.

आणि तोंड उघडून शिवराज म्हणायचा काय? "हुकलं."

कारण संगमेश राक्षससुद्धा भारीतलाच आणायचा. किल्ल्याच्या दारातच उभा, दहा हातांचा, दगडी कातडीचा. त्याला वार लागायचा तर फासा अठराच्या पुढं पडायला हवा. संगमेश त्याचं वर्णन असा आवाज लावून करायचा की मला टाळी वाजवावीशी वाटायची. पण पुढं सगळी दुपार "हुकलं", "हुकलं", "माझंपण हुकलं." पद्मजा आणि उत्कर्षा हसण्यावारी न्यायच्या. शिवराजचा चेहरा मात्र निकाल बघून आल्यासारखा होत जायचा.

एका रविवारी त्यानं फासा अलगद टेबलावर ठेवला.

"संग्या, पुढच्या रविवारपासून मी न्हाय येत. हुकायची लई सवय झालीय बे मला. सुट्टीदिवशीपण तेच कशाला करू?"

तो गेला. संगमेश होता तिथंच बसून राहिला. "एवढा भारी राक्षस केला हो त्याच्यासाठी, अण्णा," तो म्हणाला.

मग मी त्याला आमच्या एका नटाची, भीमाची गोष्ट सांगितली. आमच्या कंपनीत नायक एकटा वीस शिपायांना लोळवायचा. ते वीस म्हणजे खरे चौघंच. पडायचं, अंधारात सरपटत विंगेत जायचं, फेटा बदलायचा आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा मरायला यायचं. त्यांतला भीमा अकलूजकडचा. तो असा कोसळायचा की नायकाची लाकडी तलवार लोखंडाची वाटायची!

"नायक शूर आहे हे नायक नाही सांगत रे," मी म्हणालो. "पडणारा सांगतो."

संगमेशचे डोळे चमकले. "म्हणजे किरकोळ शत्रू पाहिजेत! पण घाऊकात."

शेवटी दुकानातलाच माणूस तो. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्यानं शिवराजकडून आणखी एका रविवारचा शब्द घेतला.

त्या रविवारी किल्ल्याच्या अंगणात डझनभर फाटके लुटारू उभे होते. एका वाराला एक पडेल असे. शिवराजनं फासा टाकला. लागला! पुन्हा लागला! तो चक्क हसला. पण पाचवा लुटारू आडवा झाला तसे त्याचे डोळे बारीक झाले.

"काय बे, ह्यांना पडायचा पगार हाय व्हय? मी मारायच्या आधीच आडवे व्हायलेत."

"तसं न्हाय रे."

"तसंच हाय. दया करू नको माझ्यावर, संग्या."

पद्मजानं चहा आणून ठेवला, त्याला कुणी हात लावेना. संगमेश माझ्याकडं वळला. "अण्णा, तो भीमा पडायला यायचा तेव्हा मनात काय धरून यायचा हो?"

"पडायला तो कधी आलाच नाही," मी म्हणालो. "रोज राजवाड्याचं दार गाठायला यायचा. एकदा तर गाठलंन् की! नायक मागं धावतोय आणि पब्लिक भीमाला टाळ्या देतंय."

संगमेशनं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"उरलेले लुटारू तुमच्याकडं बघतपण न्हाईत. बुरुजावर नगारा हाय, तिकडं पळत सुटलेत. एकाची जरी काठी नगाऱ्यावर पडली तर आतला राक्षस जागा होणार!"

शिवराज खुर्चीतून उठला. "उत्कर्षा, जिन्यावरचे तुला! वैनी, दार मंत्रानं बंद करा!" फासा टेबलावर गडगडला. एक पडला. दुसरा पडला. "हुकलं! जाऊ दे, त्याच्या मागचा धरतो!"

पद्मजानं माझ्याकडं पाहिलं. शिवराज हुकला होता, आणि थांबला नव्हता.

एकच लुटारू बुरुजावर पोचला. काठी उचलली. शिवराजनं फासा मुठीत धरला, पण टाकला नाही.

"मी मारत न्हाय. ओरडतो. ए, थांब!"

"थांबला," संगमेश म्हणाला. "लटलट कापतोय."

"नाव काय त्याचं?"

संगमेश अडखळला. किरकोळाला नाव कोण ठेवतं? "सिदू," त्यानं तिथल्या तिथं ठोकून दिलं.

"कशाला आलास हितं, सिदू?"

संगमेशचा आवाज अगदी बारीक झाला. "माझा भाऊ आत कोंडलाय, मालक. नगारा वाजवला न्हाय तर राक्षस त्याला खातोय."

शिवराज खाली बसला. साय धरलेला चहा त्यानं पुढं ओढला आणि एका दमात संपवला. मग म्हणाला, "भावाला सोडवायचा. पण आत्ता घाईत न्हाय, नीट बेत करून. वैनी, पुढच्या रविवारी जरा लवकर बसायचं का?"

"बसू की. मी स्वयंपाक सकाळीच उरकते."

चपला घालून तो दारात गेला आणि परत वळला.

"आणि संग्या, तोवर सिदूला काय झालं तर बघ!"

संगमेशनं दोन्ही कान धरले.