उपासाचं मडकं

मिठाला वास नसतो, असं शाळेत शिकवतात. असेगेदेच नावाच्या एमामा, म्हणजे आजीबाई, शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना तो येत असे.

मोठ्या उपासाच्या पंचावन्न दिवसांत लोणी-मांस वर्ज्य असतं. देब्रे ताबोर या ख्रिस्ती गावात तेव्हा घरोघरी सकाळीच चूल पेटते, पण दुपारी देवळातली प्रार्थना सुटेपर्यंत कोणी कणही तोंडात घालत नाही. रांधणारी तर नाहीच नाही. म्हणजे मसुराचं तांबडंलाल कालवण, वाटाण्याच्या डाळीचं पिवळं, कोबी-बटाटा, पालेभाजी, सगळं चव न घेता करायचं. बाकीच्या बायका अंदाजाने मीठ घालत आणि पुढचं देवावर सोपवत. एमामा झाकण उचलायच्या, वाफ ओढायच्या आणि "अजून चिमूटभर" किंवा "पुरे" म्हणायच्या. पस्तीस वर्षांत त्या चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि आठवायला टपलेली माणसं गल्लीत कमी नव्हती.

एकदा त्यांचे धर्मगुरू अब्बा गेब्रे-किदान घराला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा एमामा त्यांच्या झग्याजवळ क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, देवळातल्या नव्या धुपात निम्मी भेसळ आहे. धूपवाल्याने तिसऱ्या दिवशी कबूल केलं. तेव्हापासून अब्बा या घरी येताना वाटेत पाय धुऊन येत.

सून तिरिंगो चार वर्षं या बाईंच्या शेजारी उभी राहून कांदा परतत होती. तेलाचा थेंब न घालता, कोरडा, तासभर. एमामा पाठमोऱ्या बसून लसूण सोलत आणि मधेच म्हणत, "उजव्या बाजूचा धरायला लागला." तिरिंगो बघायची, तर उजव्या बाजूचा धरायला लागलेला असायचा. देवळात पडद्याआड काय चालतं हे जसं तिने कधी विचारलं नव्हतं, तसंच हेही विचारलं नाही.

त्या स्वयंपाकघरात दोन फळ्या होत्या. डावीकडची लोण्या-कोंबडीची, उजवीकडची उपासाची. उजवीवर सगळ्यात वर तीस माणसांचं काळं मडकं होतं. ते उपासातल्या मोठ्या जेवणालाच उतरायचं आणि त्याने जन्मात लोणी पाहिलं नव्हतं. मातीचं पोट असं असतं, की लोणी एकदा प्यालं की सोडत नाही.

म्हणजे, नाताळपर्यंत पाहिलं नव्हतं. नाताळला एमामा तापाने अंथरुणात होत्या, वीस पाहुणे दारात होते, आणि कोंबडीचं मोठं मडकं चुलीवरच तडकलं. तेवढं मोठं दुसरं एकच होतं. तिरिंगोने कोंबडी, लोणी, रस्सा सगळं त्यात ओतलं. पाहुणे जेवून गेल्यावर तिने ते राखेने सात वेळा घासलं, उन्हात ठेवलं, परत वर चढवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

आज मरियमच्या नावाने दर महिन्याला एकत्र जेवणाऱ्या मंडळींच्या जेवणाची पाळी या घरी होती. सांगावं, तर स्वयंपाकघरातून तिची उचलबांगडी. न सांगावं, तर तीस माणसांचा उपास तिच्या हातून मोडणार. तिने तिसरी वाट काढून पाहिली.

"एमामा, यंदा मसूर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केला तर? हल्ली लग्नात सगळे…"

"लग्नात लोक जेवायला येत नाहीत, दिसायला येतात. मोठं उतरव."

तिने उतरवलं. रिकामं मडकं चुलीवर तापू लागलं. तिरिंगोने श्वास घेतला. माती, राख, निलगिरीचं सरपण, बाकी काही नाही. तिला हायसं वाटलं. एमामा वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"कोंबडी," त्या म्हणाल्या. "एक नाही, दोन. वेलदोडा जरा जास्त पडला होता."

कोंबड्या दोन होत्या. वेलदोडा जास्त पडला होता.

"एमामा, तुम्ही तापात होता तेव्हा…"

"मी कुठे होते ते मला ठाऊक आहे."

"सात वेळा धुतलं मी."

"माती काय बाप्तिस्मा घेते? सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमच्या नाकाची."

एमामांना हे उत्तर पटलेलं दिसलं. त्यांनी मडकं फडक्याने धरून डाव्या फळीवर ठेवलं. "आता हे तुझं. वेलदोडा कमी घालत जा." मग पांढरी शाल डोक्यावर घेऊन त्या बाहेर पडल्या. तिरिंगो मागोमाग निघाली.

त्या दोन घरं सोडून अत्सेदेच्या दारात थांबल्या. अकरा वर्षांपूर्वी अत्सेदेच्या कालवणाबद्दल एमामा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "वास छान आहे. चुलीचा." त्यानंतर दोघींचं बोलणं बंद होतं.

"असेगेदेच? माझ्या दारात?" अत्सेदे म्हणाली. "कोण गेलं?"

"सगळे आहेत. तुझं उपासाचं मोठं मडकं हवंय."

"तुझ्या मडक्याला काय झालं?"

तिरिंगोने मान खाली घातली.

"लोणी घातलं मी त्यात," एमामा म्हणाल्या. "तापात डोकं ठिकाणावर नव्हतं."

उपासात खोटं बोलणंही वर्ज्य आहे. ते प्रकरण एमामांनी पुढे अब्बांकडे मिटवलं असावं.

"तू? लोणी?" अत्सेदेने ते शब्द सावकाश चघळले, उपास असूनही. "माझ्या भांड्यांना चुलीचा वास येतो हो."

"आण तर खरं."

मडकं आलं. एमामांनी त्यात डोकं घातलं, श्वास घेतला आणि बराच वेळ तो सोडला नाही. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "थेंबसुद्धा नाही कधी."

अत्सेदेकडे अकरा वर्षं साठवलेली वाक्यं होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली. आत जाऊन तिने ओंजळभर लसूण आणला आणि तिरिंगोच्या पदरात टाकला. "घे. तुमच्याकडे कमी पडेल."

कांदा तांबडा झाला, तेल पडलं, तिखट मसाला पडला, मसूर शिजला. मिठाच्या वेळी एमामा चुलीपासून मागे सरकल्या.

"घाल."

"मला वास येत नाही, एमामा."

"नाक आहे ना? ओढ."

तिरिंगोने झाकण उचललं. वाफ आली, पण बसकी, ओल्या घोंगडीसारखी. तिने मीठ घातलं, ढवळलं, थांबली. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा झाकण उचललं तेव्हा वाफ तिच्या तोंडासमोर ताठ उभी राहिली. डाळीच्या मागून मसाला, मसाल्याच्या मागून कांदा, प्रत्येक जण आपापल्या जागी, जसे देवळात असतात.

"पुरे?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?" एमामा लसणाच्या साली गोळा करत म्हणाल्या.

"पुरे," तिरिंगो म्हणाली.

दुपारी घंटा झाली. मंडळी बसली, अब्बांनी आशीर्वाद दिला, इंजेराची भाकरी तोडून मसुराचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. अत्सेदे त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मडकं तिचं होतं. तिरिंगो बघत होती, मीठ तिचं होतं.

"असेगेदेच," अब्बा अखेर म्हणाले, "तुझा हात अजून तसाच आहे."

"माझा नाही. सुनेने केलंय. मीठसुद्धा."

"चव घेऊन?"

"उपासात?" एमामा म्हणाल्या. "वास घेऊन."

अब्बांनी तिरिंगोकडे पाहिलं. मग दुसरा घास मोडता मोडता त्यांनी आपले पाय हळूच झग्याखाली ओढून घेतले.